खलास म्हटलं की

तुम्ही कधी कुणाच्या हातातला घास खाली टाकायला लावलाय — हात न लावता, नुसता एक शब्द म्हणून?

मी लावलाय. आणि ते परवापर्यंत तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं. आईजवळ नाही, मित्रांजवळ नाही, माझे लेख वाचून ‘पेटवलंस रे’ असं कळवणाऱ्यांजवळ तर मुळीच नाही. हाशीम मामूला यातली सुरुवात माहीत आहे. सगळं माहीत असलेली एकच होती, आणि तिला बोलता येत नाही. तिला बोलता येत नाही — याचा मला इतके दिवस किती आधार वाटला असेल, विचार करा.

मी पत्रकांवर वाढलो. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. वरच्या कारखान्याचं पाणी खाडीत उतरलं, मासे पांढरं पोट वर करून तरंगू लागले, तेव्हा माझ्या आईने — ती प्राथमिक शाळेत शिक्षिका — पत्रकं काढायला सुरुवात केली. गुलाबी कागद, जाड टाईप. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी आई दोन ओळी छापायची. पहिली : ‘ज्यांनी पाहिलं आणि सांगितलं नाही, त्यांची नावंही आम्ही लिहून ठेवू.’ दुसरी : ‘घडी घालून फेकू नका, शेजाऱ्याला द्या.’

पहिली ओळ मला फार आवडायची. ती दुसऱ्यांसाठी आहे असं वाटायचं ना, म्हणून.

एसी दुरुस्तीचं काम शिकून मी सौदीला आलो. ताइफला. ज्या कंपनीने आणलं तिचं कंत्राट गेलं, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला, आणि नवा कफील — ज्याच्या नावावर तो परवाना निघतो तो मालक — मिळेपर्यंत मी मामूकडे जाऊन राहिलो. मामू शहराबाहेरच्या एका इस्तिराहाचा राखणदार होता. इस्तिराहा म्हणजे श्रीमंतांची सुट्टीची वाडी — उंच भिंत, आत गुलाबाचे ताटवे, डाळिंबं, गालिचे अंथरलेली बैठकीची खोली, आणि शुक्रवारी दुपारी जेवायला पन्नास पाहुणे. आणि मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीशेजारी, जाळी लावलेली एक खोली.

त्या खोलीत ती होती.

ओरांगउटान. वनमानूस म्हणा हवं तर — आपल्याकडे हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात, पण त्यात माणूस आहे, आणि जिथून तिला चोरून आणलं तिथल्या भाषेतही तिच्या नावाचा अर्थ जंगलातला माणूस असाच आहे. वय फार नव्हतं. नारळाच्या काथ्यासारखे लाल केस. वाडीचा मालक, मामूचा कफील, तिला अमीरा म्हणायचा, राजकन्या. राजकन्येच्या खोलीत एक टायर होता, पाण्याची बादली होती आणि बासमतीचं एक रिकामं पोतं होतं. ते पोतं ती डोक्यावर घेऊन बसायची. मामू तिला नुसतं ‘बाय’ म्हणायचा.

इतकी गोष्ट मी लिहिलेली आहे. छापूनही आली. ‘एका इस्तिराहात मी एक कैदी पाहिली’ — असं सुरू होतं ते. पाहिली. किती सोयीचं क्रियापद. पाहणाऱ्याचे हात स्वच्छ असतात.

पण मी नुसतं पाहिलेलं नाही. तेच तर सांगायला बसलोय — आणि बघा, पुन्हा गुलाबाच्या ताटव्यांचं वर्णन करून झालं.

तिच्या खोलीत एसी होता. तिच्यासाठी नाही, पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून. तो दुरुस्त करायला मी आत जायचो. मी शिडीवर चढलो की ती खालून माझ्या शर्टाची बाही धरायची. ओढायची नाही. नुसती धरायची. एका हातात केळं, दुसऱ्या हातात माझी बाही, आणि मधूनमधून केळं माझ्यासमोर धरायची — घे म्हणून. एखादा मऊ काळजाचा माणूस त्या बाहीपायी तिथेच बसून राहिला असता. मी काय केलं? मला घाई होती. मी हातातला पाना जाळीवर आपटला आणि ओरडलो — खलास.

खलास. सौदीत राहिलेल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. काम संपलं — खलास. भाव ठरला — खलास. माणूस मेला — खलास. दिवसभर सगळ्यांच्या तोंडी तोच.

तिने केळं टाकलं. भिंतीकडे तोंड करून बसली आणि पोतं डोक्यावर ओढलं.

मला गंमत वाटली. हे मला लपवायचं नाही. भीती नाही, कीव नाही — गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मी गरज नसताना तेच केलं. मग पुन्हा. काही दिवसांत पाना लागेनासा झाला, नुसता शब्द पुरला. मामू दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “काय रे भाचे, तुझ्या आईच्या पत्रकात हा लिवलाय काय?” मी म्हटलं, “मामू, तिला शिस्त लागतेय.” मामू म्हणाला, “शिस्त कुणाला रे? ती तर आधीच बसलेली असते.” आणि हसला. मीही हसलो. दोघंही त्या कफीलच्या भिंतीआत राहत होतो, हसण्याशिवाय दुसरं काय महाग नव्हतं आम्हाला? — नाही. हे वाक्य खोडायला हवं. मला तेव्हा काहीच महाग नव्हतं. मी गप्प राहू शकत होतो, आणि मी शिकवत होतो.

शुक्रवारी कफीलने पाहिलं. पाहुणे जेवून उठले होते, कबसाच्या, म्हणजे मटण-भाताच्या, परातींमध्ये हाडं उरली होती. त्याने मला बोलावलं. त्याने स्वतः तिच्या हातात आंबा दिला. ती तो दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून चाटू लागली. कफीलने माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

मी म्हटलं, खलास.

आंबा फरशीवर पडला. पोतं डोक्यावर. पाहुणे हसले, कुणी माशाल्ला म्हणालं, मोबाईल बाहेर निघाले. पुन्हा करायला सांगितलं. मी पुन्हा केलं. तोच आंबा उचलून तिच्या हातात दिला, तिने पुन्हा घेतला — पुन्हा घेतला, समजतंय का तुम्हाला? तिला अजून वाटत होतं की या वेळी खाऊ देतील — आणि मी पुन्हा म्हटलं. एका पाहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली, “या मुअल्लिम.” कसबी माणसाला इथे असं म्हणतात. मूळ अर्थ शिक्षक. माझी आई शिक्षिका आहे.

त्या शुक्रवारनंतर थोड्याच दिवसांत माझा इकामा कफीलच्या भावाच्या कंपनीवर चढला. मी शहरात राहायला गेलो. ज्या कागदाच्या जोरावर मी आजही या देशात ताठ मानेने फिरतो, तो मला एसीतल्या कौशल्याबद्दल मिळालेला नाही.

आणि मग — इथे मला स्वतःचीच चीड येते, इतकी की बोटं कळफलकावर चालत नाहीत — मग मी लिहू लागलो. पिंजऱ्यांविरुद्ध. श्रीमंतांच्या हौशीविरुद्ध. प्राण्यांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध. आईच्या पत्रकांचा सूर मला पाठच होता. जेद्दाहपासून दम्मामपर्यंतच्या कोकणी मंडळींत माझं नाव झालं. कुणी पोपट पाळला तर लोक आधी माझी माफी मागू लागले.

पुढे तपासण्या वाढल्या, घरात असले प्राणी ठेवणाऱ्यांची धरपकड होऊ लागली. कफील घाबरला. मामूचा फोन आला, “सोडून आलो रे बायला. पहाटेची गाडीत घातली नि त्या प्राण्यांच्या केंद्राच्या गेटाशी खोका ठेवला. बेल मारली नि पळालो.” नाव नाही, पत्ता नाही, ती कुठून आली, काय खाते, कशाला घाबरते — काहीच नाही. त्यानंतर महिनाभरात मामू कायमचा गावी गेला. हे लक्षात ठेवा. पुढे जे सांगतो त्यात मला मामूची नोकरी वाचवायची नव्हती. मामू तेव्हा खाडीवर गळ टाकून बसलेला होता.

आता केंद्राच्या भेटीचं सांगतो. यापुढे आडवाट नाही.

गुलाबांच्या दिवसांत जेद्दाहहून आपली काही कुटुंबं ताइफला आली. वेल्डर, ड्रायव्हर, त्यांच्या बायका, एकदोन दुकानदार. सहल मीच आखली होती. घाटात रस्त्याकडेला बबून माकडं बसलेली असतात, लोक गाड्यांतून पाव फेकतात. मी फेकू दिला नाही. भाषण दिलं — तुम्ही त्यांना भिकारी बनवताय वगैरे. रेहाना चाची, आमच्या इब्राहिमभाई ड्रायव्हरची बायको, म्हणाली, “बरं बाबा, नाय टाकत. ती बघ, तुझं भाषण ऐकून पाव न घेताच पळाली.” सगळे हसले.

केंद्रात आम्हाला डॉक्टर रीमने फिरवलं. तरुण सौदी मुलगी, प्राण्यांची डॉक्टर, अरबीत बोलायची. आमच्यातल्या बहुतेकांचं अरबी बाजारापुरतं, म्हणून मी दुभाषी. ती एक वाक्य बोलायची, मी मराठीत सांगायचो. पकडून आणलेले, टाकून दिलेले प्राणी इथे सावरतात, मग त्यांच्या देशी परत पाठवतात. तीन ओरांगउटान आहेत. दोन तयार झालेत. तिसरी —

तिसरी ती होती.

बारीक झाली होती. केस विरळ. डोक्यावर पोत्याऐवजी टॉवेल. मी रेहाना चाचीच्या मागे सरकलो. तिने मला ओळखलं का? मला माहीत नाही. मी तिला संधीच दिली नाही.

डॉक्टर म्हणाली, हिला काही आजार सापडत नाही. भूक आहे. फळ घेते, तोंडाशी नेते आणि टाकते. विमानातून पाठवायचं तर वजन हवं, हातातून औषध घ्यायला हवं. नाहीतर बाकीचे दोघं जातील आणि ही मागे राहील. आणि एकटी मागे राहिली तर — डॉक्टरने वाक्य पुरं केलं नाही. मी त्या अर्ध्या वाक्याचंही भाषांतर केलं.

मग आदम आत गेला. सुदानचा, पिकल्या दाढीचा, तिची देखभाल करणारा. खाली बसला. पपईची फोड पुढे केली. तिने हळूच हात लांब केला, घेतली, हुंगली. आदमचा चेहरा उजळला. आणि तो लेकीशी बोलावं तसं मायेने म्हणाला, “खलास, या बिन्ती. खलास.” म्हणजे — झालं गं पोरी, संपलं ते सगळं. आता भिऊ नको.

फोड खाली पडली. भिंतीकडे तोंड. टॉवेल डोक्यावर.

तो बिचारा आणखी हळू आवाजात समजावू लागला. कशाने? त्याच शब्दाने. खलास, खलास, खलास. जितका जास्त लळा लावायचा, तितकी ती उपाशी राहायची. दिवसातून किती वेळा होत असेल हे? तिथला प्रत्येक माणूस प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच शब्द म्हणतो. मी तिच्याभोवती एक शब्द पेरून गेलो होतो आणि आख्खा देश तो नकळत उच्चारत होता.

मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. ‘तिच्यासमोर हा शब्द म्हणू नका.’ तोंडात अरबी होतं, समोर डॉक्टर होती. आणखी काय लागतं?

रेहाना चाचीने मला कोपर मारलं. “अरे, हा बाबा कायतरी बोलतो नि ती टाकते. मी दोनदा बघितलं. माझा धाकटा असाच करायचा, त्याचा बाप नुसता खाकरला की ताट सरकवायचा. विचार ना जरा डॉक्टरीणबाईला.”

डॉक्टरने विचारलं, “त्या काय म्हणतायत?”

आणि मी म्हटलं, “त्या म्हणतायत, उन्हाने दमलेली दिसते.”

हा माझा गुन्हा. पाना नव्हे, आंबा नव्हे — तेव्हा मी निर्दय होतो, हे खरं, पण निर्दयाला निदान पुढचं ठाऊक नव्हतं. इथे मला सगळं ठाऊक होतं. तिचा रोग मला माहीत होता, कारण तो मी दिलेला होता. औषध फुकट होतं. आणि ते एका बाईने बरोबर ओळखून माझ्या हातात दिलं होतं, फक्त पुढे करायचं होतं. मी ते खिशात घातलं.

डॉक्टर हसली. म्हणाली, त्यांना सांगा, काळजीबद्दल आभारी आहे. मी चाचीकडे वळून म्हटलं, “डॉक्टर म्हणतात, तसं काही नाही, सवयीने होईल.” चाचीने मान हलवली. “असेल बाबा. तू शिकलेला.”

का केलं मी असं? इकाम्याच्या भीतीने? ती होती, कफीलच्या भावाकडेच कामाला होतो. पण नुसता शब्द सांगायला कफीलचं नाव कुठे घ्यावं लागत होतं? तुला कसं माहीत, असं तिने विचारलं असतं, म्हणून. त्या कुटुंबांसमोर विचारलं असतं, म्हणून. ज्याने घाटात पाव टाकू दिला नाही, त्याने आंबा टाकायला लावला होता, हे रेहाना चाचीला कळलं असतं. एवढंच. माझ्या भाषणाची अब्रू. तिच्या वजनापेक्षा ती मला जड वाटली.

घरी येऊन मी त्या भेटीवर लेख लिहिला. हो, लिहिला. आदमच्या मायेवर एक परिच्छेद होता. लोकांना तोच सगळ्यात आवडला.

ते दोघं गेले. त्यांच्या जंगलात पोचल्याची बातमी आली. ती गेली नाही. ती अजून इथेच आहे, एकटी, आता सलाईनवर अधूनमधून.

परवा मी डॉक्टर रीमला फोन केला. सगळं सांगितलं — पाना, शुक्रवार, कफीलचं नाव, रेहाना चाची खरं काय म्हणाली होती ते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही इथे आला होतात तेव्हा हे माहीत होतं?” मी हो म्हटलं. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला, म्हणून कदाचित ओरडली नाही. तिने फक्त कामाचं विचारलं.

“मग आदमने तिला आता काय म्हणायचं? तिला कळेल असा दुसरा कुठला शब्द आहे?”

मी आठवत राहिलो. दुसरा शब्द नव्हता. मी तिला एकच शिकवला होता.

आई, तुझ्या यादीत माझं नाव घाल.

आणि तुम्ही — माझ्यासाठी काही करू नका, बरंवाईट काही कळवूही नका. पण शुक्रवारी तुमच्या घरी आखातातून फोन येईल. नवऱ्याचा, भावाचा, मामूचा. तब्येत विचारून झाली की एवढं विचारा : तुमच्या मालकाच्या वाडीत मागच्या बाजूला जाळीची खोली आहे का? आत कोण आहे? आणि त्याला तुम्ही कुठल्या शब्दाने गप्प बसवता? तो शब्द सांगून टाकायला लावा — ते जनावर ज्यांच्या हाती जाईल त्यांच्यापर्यंत पोचवा. घडी घालून ठेवू नका.